चार दिवस, चौघे मित्र आणि नऊ ब्रुअऱ्यांची यादी

नमस्कार.

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही लातूरचे चौघे मित्र. दिवाळीनंतरच्या दुसऱ्या शनिवार-रविवारला जोडून चार दिवस काढलेत. घरची कार आहे. चौघांतला एक जण पीत नाही, त्यामुळे गाडी तोच चालवणार असं ठरलंय. पुणे, मुंबई आणि नाशिक मिळून नऊ ब्रुअऱ्यांची, म्हणजे जागेवरच बिअर बनवून देणाऱ्या ठिकाणांची, यादी केली आहे. संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या बिअर कारखान्यांत आत जाऊन बघता येईल का आणि हे सगळं नकाशावर कसं बसवायचं, हे तुम्हाला हवंय.

मी अकरा वर्षं वाळूजमधल्या एका मोठ्या बिअर कारखान्यात गुणवत्ता विभागात होतो. त्यानंतर चार वर्षं पुण्यातल्या एका छोट्या ब्रुअरीत बिअर बनवली. आता संभाजीनगरला असतो आणि वर्षातून तीन-चार वेळा सहा-आठ जणांना घेऊन अशाच सहली काढतो. त्यामुळे थोडं सविस्तर सांगतो.

आधी वाळूजचं. ते कारखाने खूप मोठे आहेत, पण बाहेरच्या माणसाला फेरफटका मारायला उघडे नसतात. उत्पादन शुल्क खात्याची देखरेख असते, बाटल्या भरण्याच्या लाइनवर सुरक्षिततेचे नियम असतात. ओळखीने कुणी गेटपर्यंत नेईल, पण त्यासाठी लातूरहून अडीचशेहून जास्त किलोमीटर गाडी हाकू नका. शिवाय तिथे जी बिअर होते ती तुमच्या लातूरच्या दुकानात मिळतेच. तुम्हाला जे बघायचंय, म्हणजे बिअर जिथे उकळते तिथेच बसून ती पिणं आणि बनवणाऱ्याशी बोलणं, ते छोट्या ब्रुअरीतच होतं. त्यासाठी आपल्याकडच्या माणसाला बहुतेक वेळा पुण्याचाच रस्ता धरावा लागतो. पुण्यात हा प्रकार २००९ मध्ये डूलालीने सुरू केला. नंतर मुंढव्यात इंडिपेंडन्स, कोरेगाव पार्कात एफिंगट, मग ग्रेट स्टेट, अशी नावं येत गेली आणि आज शहरात भरपूर पर्याय आहेत.

आता खरी अडचण. तुम्ही ती नकाशाची समजताय. नकाशा अवघड नाही. अवघड आहेत त्या तीन गोष्टी: जीभ किती बिअर ओळखू शकते, रक्तातली दारू किती वेळात उतरते, आणि ज्या दिवशी तुम्ही पोचाल त्या दिवशी त्या टाकीत काय असेल. या तिन्हींचा हिशोब घातला की नऊची यादी आपोआप दोन-तीनवर येते. माझं स्पष्ट मत सांगतो: दिवसाला एक ठिकाण, ज्या गावात प्यायची त्याच गावात मुक्काम, आणि मुक्कामी पोचल्यावर गाडीची किल्ली दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बॅगेत.

जिभेचा हिशोब असा. बहुतेक ठिकाणी चाखण्यासाठी छोट्या ग्लासांची पाटी मिळते. समजा एक ग्लास ९० मिलीचा आणि पाटीत सहा प्रकार. म्हणजे ५४० मिली झाली. मोठी बाटली ६५० मिलीची असते, तिच्या जवळ तुम्ही फक्त ‘चाखताना’च पोचलात. आणि त्यातल्या दोन बिअर सहा-सात टक्क्यांच्या असल्या तर फरक आणखी कमी होतो. त्यानंतर आवडलेल्या प्रकाराचा एक पूर्ण ग्लास घेता. एवढं झाल्यावर दुसऱ्या ब्रुअरीत जाऊन पुन्हा सहा ग्लासांची पाटी मागवली, तर जिभेला काही कळत नाही. कडू ते कडू आणि गोड ते गोड, एवढंच उरतं. बिअर करणारी माणसं कामाच्या दिवशी एका वेळी चार-पाच नमुन्यांच्या पुढे सहसा जात नाहीत, तेही घोट-घोट, मध्ये पाणी पिऊन.

दारू उतरण्याचा हिशोब याहून महत्त्वाचा. ३३० मिलीचा पाच टक्क्यांचा एक ग्लास म्हणजे साधारण १३ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. आपल्या मोटार वाहन कायद्यात गाडी चालवणाऱ्यासाठी मर्यादा आहे १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम. सत्तर किलोच्या माणसाने उपाशीपोटी तो एक ग्लास लवकर संपवला, तर गणिताने तो २७ च्या आसपास पोचतो. अंगाने बारीक असेल तर त्या एका ग्लासातच मर्यादा ओलांडेल. म्हणून ‘एकच घेतली’ हा माझ्या सहलीत चालक होण्याचा दाखला धरला जात नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला दहा हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. दंडाचं मी सांगतोय कारण ते लोकांना पटतं. मला स्वतःला ज्या गोष्टीने पटलं ती वेगळी आहे.

पहिल्यांदा आम्ही सहा जण गेलो तेव्हा पुण्यात एका दिवसात तीन ब्रुअऱ्या केल्या. चालक म्हणून ठरलेल्या मित्राने प्रत्येक ठिकाणी ‘फक्त चव’ घेतली. रात्री साडेदहाला संभाजीनगरकडे निघालो. उसाचा हंगाम सुरू झालेला होता. शिरूरच्या पुढे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर आमच्या पुढे होता. ट्रॉलीला ना दिवा, ना लाल रिफ्लेक्टर, आणि बाहेर लोंबणारी वाढं, म्हणजे उसाच्या शेंड्यांची पानं, अंधाराच्याच रंगाची. मित्राला ती दिसली तेव्हा अंतर इतकं कमी होतं की ब्रेक लावल्यावर वाढं काचेला घासत गेली. कुणाला काही झालं नाही. पुढच्या पेट्रोल पंपावर गाडी लावून सकाळपर्यंत आम्ही तिथेच बसलो, आणि त्या मित्राचे हात कितीतरी वेळ थरथरत होते. तेव्हापासून मी रात्रीचा प्रवास ठेवतच नाही.

तुमच्या रस्त्यावर तर हा धोका जास्त आहे. लातूर, मुरूड, येडशी, बार्शी, कुर्डुवाडी, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण असं तुम्ही जाणार. बार्शी सोडली की जवळजवळ सगळा ऊसपट्टा आहे, आणि दिवाळीनंतर साखर कारखाने पेटलेले असतात. तेव्हा सूर्य मावळायच्या आत मुक्कामी पोचणं हा या सहलीचा पहिला नियम धरा.

आणि सकाळचं विसरू नका. शरीर तासाला साधारण सात-आठ ग्रॅम अल्कोहोल बाहेर टाकतं. माणसागणिक फरक पडतो, पण कॉफीने, लिंबूपाण्याने किंवा आंघोळीने हा वेग वाढत नाही. रात्री पाच ग्लास घेतले, म्हणजे ६५ ग्रॅम, आणि बारा वाजता शेवटचा ग्लास ठेवला, तर रक्त स्वच्छ व्हायला सकाळचे आठ-नऊ वाजू शकतात. परतीच्या दिवशी ‘पहाटे पाचला निघू, ट्रॅफिक लागणार नाही’ असं तुम्ही लिहिलंय. आदल्या रात्री जो प्यायलाय त्याने ते करू नये. शेवटच्या संध्याकाळी आठला थांबा, जेवा, झोपा, आणि सकाळी नाश्ता करून नऊ-दहाला निघा. दिवस बुडायच्या आत लातूर गाठता येतं.

आता तुमच्या न पिणाऱ्या मित्राबद्दल, कारण हे लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. तो पीत नाही म्हणून चारही दिवसांचा चालक तो, हे तुम्ही त्याला विचारून ठरवलंत का? लातूर ते पुणे सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटर आहे. मग शहरात फिरणं, मग परत तेवढंच. एवढं एकट्याने चालवून तो थकेल, आणि थकलेला चालकही धोक्याचाच. माझा सल्ला असा: जाताना दिवसा चौघांनी आळीपाळीने चालवा, तेव्हा कुणीच प्यायलेलं नसतं. पुण्यात गाडी हॉटेलवर उभी करा आणि रिक्षा किंवा कॅबने फिरा. येताना पुन्हा आळीपाळीने. म्हणजे त्याच्यावर जास्तीचा भार येत नाही आणि त्यालाही सहल मिळते. तरीही चालक भाड्याने घ्यायचा ठरला, तर त्याच्या भत्त्याबरोबर त्याच्या झोपण्याची खोली आणि वेळेवर जेवण हेही खर्चात धरा. रात्रभर गाडीत पाय मुडपून झोपलेल्या माणसाच्या हाती सकाळी चौघांचे जीव देऊ नयेत.

तारखेचं. दिवाळीनंतरचा दुसरा शनिवार-रविवार तुम्ही म्हणता. पंचांग बघा. लक्ष्मीपूजनानंतर साधारण अकराव्या दिवशी कार्तिकी एकादशी येते आणि ती राज्याच्या कोरड्या दिवसांच्या यादीत असते. त्या दिवशी पुण्यात कुठेही ग्लास मिळणार नाही. शिवाय तुमचा रस्ता टेंभुर्णीवरून जातो आणि तिथून पंढरपूर जवळ. एकादशीच्या आगेमागे दिंड्या, एसटीच्या जादा गाड्या, पायी चालणारी माणसं, सगळं त्याच रस्त्यांवर असतं. म्हणून एक आठवडा पुढे ढकला. निवडणुका लागल्या असतील तर मतदानाच्या आधीचे अठ्ठेचाळीस तासही बंद असतात, तेही तपासा.

आणि कागदपत्रं. महाराष्ट्रात बिअरसाठी वय एकवीस पूर्ण लागतं, ओळखपत्र सगळ्यांनी जवळ ठेवा. पिण्याचा परवानाही कायद्याने लागतो. एक दिवसाचा पाच रुपयांचा बहुतेक ठिकाणी काउंटरवरच देतात, पण वर्षाचा शंभर रुपयांचा किंवा कायमचा हजाराचा काढून ठेवलात तर प्रश्नच मिटतो. रस्त्यात ढाब्यावर गाडीतली बाटली उघडू नका. विनापरवाना ठिकाणी पिणं हा गुन्हा आहे आणि त्यात ढाबेवालाही अडकतो.

आता सगळ्यात रसाळ भाग, ज्यासाठी तुम्ही खरं तर निघताय.

छोट्या ब्रुअरीत दहा-बारा टाक्या असल्या तरी सगळ्या एकाच वेळी प्यायच्या अवस्थेत नसतात. गव्हाची बिअर किंवा एल नावाचा साधा प्रकार दोन-तीन आठवड्यांत तयार होतो, लागर या दुसऱ्या प्रकाराला थंड तापमानात पाच-सहा आठवडे लागतात. त्यामुळे एखाद्या ठिकाणी तुम्ही पोचता तेव्हा त्यांची सगळ्यात चांगली बिअर कालच संपलेली असू शकते, आणि नवी अजून चार दिवस उघडायची नसते. मेनूकार्डावर ती छापलेली असते, पण टाकीत नसते. म्हणून निघायच्या आठवडाभर आधी फोन करा आणि जमलं तर ब्रुअरशीच, म्हणजे बिअर बनवणाऱ्याशीच, बोला. तीनच प्रश्न विचारा. आज सगळ्यात ताजी कुठली आहे? आम्ही येऊ त्या दिवशी कुठली नवी टाकी उघडणार? आणि तुम्ही स्वतः संध्याकाळी कुठली घेता? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला आजवर नेहमी कामाला आलंय. कुठल्या ठिकाणी कुठल्या दिवशी जायचं हा क्रम या फोनवरून ठरवा, अंतरावरून नाही. नवी ठिकाणं उघडतात, जुनी जागा बदलतात, तेही याच फोनवर कळतं.

ताजेपणाला मी एवढं महत्त्व का देतो ते सांगतो. गव्हाच्या बिअरला जो पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, तो केळं किंवा लवंग घातल्याने येत नाही. तो यीस्टने तयार केलेला असतो आणि दोनेक महिन्यांत विरत जातो. कारखान्यातली बाटली पाश्चराइज केलेली असते, म्हणून ती महिनोन् महिने टिकते. छोट्या ब्रुअरीत सहसा तसं करत नाहीत. तिथली बिअर दुधासारखी समजा. जिथे निघाली तिथे आणि तेव्हा चांगली.

वेळ शक्यतो दुपारी तीन ते पाचची घ्या. शनिवारी रात्री गर्दी आणि संगीत इतकं असतं की ब्रुअर समोर असूनही तुम्हाला एक शब्द बोलता येणार नाही. सकाळी त्यांचं उकळण्याचं काम चालू असेल आणि त्यांनी परवानगी दिली, तर ते मात्र चुकवू नका. दळलेलं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, गरम पाण्यात मिसळतात. पाणी ६५ अंशांच्या आसपास ठेवतात आणि तासभर तसंच राहू देतात. तेवढ्यात धान्यातल्या पिठाची साखर होते. झाकण उघडलं की वाफेबरोबर जो वास येतो, तो आपल्या घरात कुरडयांसाठी गव्हाचा चीक शिजतो ना, त्याच्या अगदी जवळचा असतो, फक्त जास्त गोड. माझ्या सहलीत आलेल्या एका आजींनी तो वास घेऊन लगेच ‘चीक उतरवायला आला’ असं म्हटलं होतं. बिअरचा एक थेंबही न पिता ती बाई त्या दिवशी सगळ्यात जास्त समजून परतली. तुमच्या मित्राला हाच भाग दाखवा. ब्रुअरकडे चिमूटभर माल्ट मागा आणि चावून बघा. भाजलेल्या लाह्यांसारखं लागतं आणि शेवटी गोड होतं. मग गाळून उरलेला जवाचा चोथा बघा. अजून कोमट असतो. पुष्कळ ठिकाणी तो गाई-म्हशींसाठी नेतात.

चाखताना हलक्या बिअरकडून कडू आणि गडद बिअरकडे जा. आधी वास घ्या, मग घोट. बिअरला लोण्याचा वास आला किंवा उकडलेल्या मक्याचा वास आला, तर तो दोष असण्याची शक्यता आहे. पहिला बहुतेक वेळा यीस्टचं काम पुरं होण्याआधी बिअर थंड केल्याने येतो, दुसरा उकळी कमी पडल्याने. हे नम्रपणे विचारा. चांगला ब्रुअर या प्रश्नाने खूश होतो, कारण समोरचा लक्ष देऊन पितोय हे त्याला कळतं. मध्ये पाणी आणि साधे फुटाणे. तिखट स्टार्टर पहिल्या पाटीबरोबर नको, नंतर काय ते मागवा.

आंबट बिअर मिळाली तर तुम्ही लातूरकरांनी ती नक्की घ्यावी. पुण्या-मुंबईची मंडळी पहिल्या घोटाला तोंड वाकडं करतात. तुम्हाला ती ओळखीची वाटेल, कारण येळवसला, म्हणजे वेळ अमावास्येला, शेतात बिंदग्यातून, म्हणजे घागरीतून, आंबील पितच तुम्ही मोठे झालात. ज्वारीचं पीठ आणि ताक रात्रभर आंबल्यावर जी आंबटगोड धार येते ती लॅक्टिक आम्लाची, आणि आंबट बिअरमधली धारही त्याचीच. मी पुण्यात काम करताना आंबट बिअरची चव लोकांना समजावायला आंबिलाचंच उदाहरण द्यायचो. लातूर-धाराशिवचा माणूस समोर असला की पुढे काही सांगावंच लागायचं नाही.

यावरून एक सुचवतो. जाताना घरून पाव किलो पानचिंचोलीची चिंच आणि मूठभर कास्तीचे धने एका पिशवीत न्या. दोन्हींना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, दोन्ही तुमच्याच जिल्ह्यातले. बेल्जियमच्या पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये धने आणि संत्र्याची साल घालतातच. चिंच आंबट बिअरला जमते. ब्रुअरच्या हातात ते द्या आणि गावाचं नाव सांगा. हॉटेलमध्ये येणारं गिऱ्हाईक रोज येतं, पण गावाकडचा कच्चा माल घेऊन आलेला माणूस त्याच्या लक्षात राहतो. मी जालन्याची मोसंबी नेली होती तेव्हा ब्रुअरने तिथेच साल किसून बिअरच्या ग्लासात टाकून दाखवली आणि आम्ही दोन तास त्या एका टेबलावरून हललो नाही.

आता दिवसांची मांडणी. पहिल्या दिवशी गुरुवारी सकाळी सहाला निघा. भिगवणला उजनीच्या माशाचं जेवण करा, तेवढ्यासाठी तास-दीड तास ठेवा. पुण्यात तुम्ही हडपसरच्या बाजूने शिरता आणि मुंढवा, कोरेगाव पार्क त्याच बाजूला आहेत. म्हणून हॉटेलही तिकडेच घ्या, शहर ओलांडायची गरज पडत नाही. दुपारी तीनपर्यंत पोचा, थोडं आडवं व्हा, संध्याकाळी एक ठिकाण. दुसऱ्या दिवशी सकाळी उकळण्याचं काम बघायला मिळत असेल तर ते, नाहीतर मधापासून मीड बनवणारी मूनशाइन मीडरी पुण्याजवळच आहे, आधी नोंदणी करून जा. मध आंबवून केलेलं पेय बिअरपेक्षा कसं वेगळं लागतं हे एकदा बघण्यासारखं आहे. त्या संध्याकाळी पाय मोकळे करा, पोटभर जेवा, फार तर एक ग्लास घ्या. तिसऱ्या दिवशी शनिवारी दुपारी दुसरी ब्रुअरी, गर्दी व्हायच्या आत. रात्री आठला आवरा. चौथ्या दिवशी सकाळी नऊ-दहाला परत.

मुंबई काढून टाका. पुण्याहून जाऊन परत लातूर गाठायला तुमचा एक अख्खा दिवस गाडीतच जाईल. नाशिक वेगळ्या सहलीसाठी ठेवा. तिथे द्राक्ष आणि वाइनचं काम मुख्य आहे, आणि पाहुण्यांना फिरवून दाखवण्याची पद्धत तिथे चांगली बसलेली आहे. संभाजीनगरहून वैजापूर, येवला करत ते सोपं पडतं. लातूरहून चार दिवसांत पुण्याला जोडून ते करू नका. तुमच्या ओळखीत नांदेडचं कुणी असेल तर त्यांना हैदराबाद जवळ पडतं, आणि तुम्हालाही बीदर, जहिराबाद मार्गे ते पुण्यापेक्षा थोडं कमीच आहे. तिकडेही चांगल्या ब्रुअऱ्या आहेत. फक्त तिकडची बिअर गाडीत घालून आणू नका. परराज्यातलं मद्य परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे.

पुण्याहून घरी थोडी बिअर न्यायची असेल तर बरेच ब्रुअर मोठ्या बाटलीत भरून देतात, तिला ग्राउलर म्हणतात. ती परतीच्या सकाळीच किंवा आदल्या संध्याकाळी उशिरा भरून घ्या, सील लावून, बिलासकट. डिकीत उघडी ठेवू नका. नोव्हेंबरातसुद्धा बंद डिकी दुपारी चांगलीच तापते. बर्फाचा डबा न्या, बाटली उभी ठेवा, घरी गेल्यावर फ्रिजमध्ये आणि दोन दिवसांत संपवा. एप्रिल-मेमध्ये मात्र मी कुणालाच ग्राउलर न्यायला सांगत नाही.

उन्हाळ्याचं नाव निघालं म्हणून एक गोष्ट. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, तेव्हा मी वाळूजला होतो. त्याच महिन्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातल्या मद्य कारखान्यांचं पाणी ६० टक्क्यांनी कमी करायला सांगितलं. एक लिटर बिअरला टाक्या-पाइप धुण्यासकट चांगल्या कारखान्यातही तीन-चार लिटर पाणी लागतं, छोट्या ठिकाणी त्याहून जास्त. त्या दिवसांत प्रयोगशाळेत नमुने तपासून घरी जायचो तेव्हा आमच्या गल्लीत टँकरपुढे हंड्यांची रांग असायची, आणि मी कुठे काम करतो हे सगळ्यांना माहीत होतं. तो प्रश्न माझ्यातून गेला नाही. म्हणून ब्रुअरला मी नेहमी विचारतो की धुतलेलं पाणी पुढे कुठे जातं, थंड करायला वापरलेलं गरम पाणी पुढच्या उकळीला घेता का. तुम्हीही विचारा. लातूरच्या माणसाने हा प्रश्न विचारला की समोरचा तो टाळत नाही.

थोडक्यात तुमच्या यादीत बदल असे: तारीख एकादशी टाळून एक आठवडा पुढे, नऊच्या जागी दोन ब्रुअऱ्या आणि हवी तर एक मीडरी, मुक्काम तीनही रात्री एकाच हॉटेलात, गाडी चौघांनी दिवसाउजेडी चालवायची.

नक्की तारखा ठरल्या की कळवा. आठवडाभर आधी तुम्ही फोन केलेत आणि कुठे कुठली टाकी उघडणार आहे ते लिहिलंत, तर आधी कुठे जावं हे मी सांगू शकेन. आणि त्या मित्राला आजच विचारून घ्या, त्याला काय बघायचंय ते.